पटावरची मुले आणि वर्गातली मुले

मुंबईहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कल्याणच्या पुढे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे एकमेकांना जवळजवळ चिकटून उभी आहेत. त्यांच्या पलीकडे वांगणीपर्यंत अंबरनाथ तालुक्याचा ग्रामीण भाग पसरलेला आहे. त्याच्या एका अंगाला मलंगगड-चंदेरीची डोंगररांग येते आणि दुसऱ्या अंगाला उल्हास नदी व बारवी धरणाचा परिसर. २०११ च्या जनगणनेत अंबरनाथ नगरपरिषदेची लोकसंख्या अडीच लाखांवर आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची पावणेदोन लाखांच्या आसपास नोंदली गेली, आणि त्यानंतर या शहरांची वाढ थांबलेली नाही. अशा शहरांना लागून असलेल्या गावांत व आदिवासी वाड्यांत जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा चालतात. त्यांच्या गुणवत्तेविषयी वर्तमानपत्रांत, ग्रामसभांत आणि शासकीय बैठकांत सतत बोलले जाते. परंतु गुणवत्ता म्हणजे नेमके काय मोजायचे आणि मोजलेला आकडा कोणाविषयी काय सांगतो, हा त्याआधीचा प्रश्न बहुधा सुटून जातो. या प्रकरणात त्याच प्रश्नाचा विचार केला आहे. शाळेचा निकाल हा शाळेत काय शिकवले जाते याचा जितका, तितकाच त्या शाळेत कोण येते आणि वर्षातले किती दिवस सलग येते याचा निकाल असतो. अंबरनाथसारख्या तालुक्यात तर दुसरी बाजू पहिलीहून जड भरते.

प्राथमिक शिक्षण ही सार्वजनिक जबाबदारी आहे, ही मागणी महाराष्ट्रात जुनी आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना सक्तीचे प्राथमिक शिक्षण देण्याचा आग्रह धरला होता, आणि राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात ते सक्तीचे व मोफत केले. ब्रिटिश मुलखात गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मांडलेले विधेयक मात्र फेटाळले गेले. स्वातंत्र्याच्या वर्षी मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम आला, आणि १९६१ च्या जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमानुसार १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हा ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे सोपवण्यात आल्या. तेव्हापासून गावाकडच्या बोलण्यात 'मराठी शाळा' किंवा 'झेडपीची शाळा' म्हणजे हीच शाळा.

तिच्या कारभाराची उतरंड थोडक्यात अशी आहे. जिल्ह्याच्या पातळीवर प्राथमिक विभागाचा शिक्षणाधिकारी असतो, तालुक्याच्या पातळीवर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी आणि त्याच्या हाताखाली विस्तार अधिकारी असतात, आणि आसपासच्या साधारण दहा-बारा शाळांचे मिळून एक केंद्र होते, ज्याच्या देखरेखीसाठी केंद्रप्रमुख नेमलेला असतो. शिक्षकांच्या प्रशिक्षणाची व शैक्षणिक मार्गदर्शनाची जबाबदारी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या 'डाएट'कडे, असते. ठाणे जिल्ह्याची ही संस्था बदलापूरजवळच्या रहाटोली येथे आहे. २०१४ मध्ये पालघर वेगळा जिल्हा झाल्यावर ठाणे जिल्हा परिषदेकडे कल्याण, अंबरनाथ, भिवंडी, शहापूर आणि मुरबाड या पाच पंचायत समित्या उरल्या. शेजारच्या उल्हासनगरची कहाणी वेगळ्या वळणाची आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून १९४९ मध्ये ते शहर म्हणून नावारूपाला आले, तेथे सिंधी माध्यमाच्याही शाळा निघाल्या, आणि आज त्या शहराची महानगरपालिका आपल्या शाळा आपणच चालवते. अंबरनाथ व बदलापूर ही शहरे १९८३ मध्ये कल्याण महानगरपालिकेत घातली गेली आणि १९९२ मध्ये पुन्हा वेगळी झाली. सीमा अशा हलत राहिल्या, तरी गावठाणातली शाळा जागची हलली नाही. तिच्या भोवतीची वस्ती मात्र बदलत गेली, आणि या प्रकरणातला पुढचा बहुतेक विचार त्या बदलाभोवतीच फिरतो.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार महाराष्ट्रात पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी लागते. पहिली ते पाचवीसाठी वर्षात किमान २०० दिवस व ८०० तास, तर वरच्या वर्गांसाठी २२० दिवस व १,००० तास अध्यापन व्हावे लागते. आणि ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला किमान दोन शिक्षक मिळतात. 'पट' म्हणजे शाळेच्या रजिस्टरात नाव असलेल्या मुलांची संख्या. डोंगरपायथ्याच्या वाड्या विखुरलेल्या असल्यामुळे आणि मधल्या ओढ्यांना पावसाळ्यात पूर येत असल्यामुळे एक किलोमीटरचा नियम येथे अत्यावश्यक आहे, पण त्याचाच परिणाम म्हणून लहान पटाच्या, दोन शिक्षकांच्या शाळा मोठ्या संख्येने निर्माण होतात.

द्विशिक्षकी शाळेचे काम कसे चालते, हे बारकाईने पाहिल्याशिवाय तिच्या निकालाचा अर्थ लागत नाही. दोन खोल्या, दोन शिक्षक आणि चार किंवा पाच इयत्ता अशी मांडणी असते, म्हणजे एका शिक्षकासमोर एकाच वेळी किमान दोन इयत्तांची मुले बसलेली असतात. याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. पहिलीच्या मुलांना अक्षर गिरवायला देऊन शिक्षक दुसरीचे गणित घेतो, तोवर पहिलीतल्या कोणाची पेन्सिल मोडलेली असते आणि कोणी अक्षर उलटे काढून पुढे गेलेले असते, आणि ते उलटे अक्षर त्याच क्षणी दुरुस्त झाले नाही तर हाताला तसेच वळण लागते. दोघांपैकी एक मुख्याध्यापकाचे कामही पाहतो: शालेय पोषण आहाराचा धान्यसाठा व रोजची नोंद, 'यू-डायस'ची वार्षिक माहिती, 'सरल' प्रणालीतील विद्यार्थ्यांच्या नोंदी, आधार जुळवणी, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेचे इतिवृत्त. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढी कामे सोडून इतर अशैक्षणिक कामांसाठी शिक्षकांना जुंपण्यास मनाई केली आहे; पण मतदारयादीसारख्या निवडणुकीच्या कामाला एक शिक्षक गेला की त्या दिवशी सगळ्याच इयत्ता दुसऱ्याच्या अंगावर येतात. मोठ्या शाळेत एक शिक्षक रजेवर गेल्याने एक वर्ग अडतो, येथे अर्धी शाळा अडते. तालुक्याच्या सरासरीत हा फरक दिसत नाही.

शिक्षकांची भरती हा याच प्रश्नाचा दुसरा पदर आहे. महाराष्ट्रात २००० मध्ये शिक्षण सेवक योजना सुरू झाली. तिच्यात नवा शिक्षक पहिली तीन वर्षे ठरावीक मानधनावर काम करतो. प्राथमिक शिक्षण सेवकाचे हे मानधन २०२३ मध्ये दरमहा १६,००० रुपये झाले. २०१२ मध्ये राज्यात शिक्षक भरतीवर बंदी आली आणि त्यानंतर जिल्हा परिषदांमधली मोठी भरती 'पवित्र' या संगणकीय प्रणालीद्वारे २०१९ मध्येच होऊ शकली. मधल्या काळात निवृत्त झालेल्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या. ठाणे जिल्ह्यात नेमणूक मिळालेल्यांमध्ये विदर्भ, मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्रातून आलेले शिक्षक बरेच असतात आणि आंतरजिल्हा बदलीने आपल्या जिल्ह्यात परतण्याची त्यांची इच्छा स्वाभाविक आहे. ज्या वाडीवरच्या शाळेत शिक्षकाला मुलांची बोली कळू लागायलाच एक-दोन वर्षे जातात, तेथून तो तिसऱ्या-चौथ्या वर्षी गेला, तर शाळेचे नुकसान रिक्त पदांच्या कोणत्याही तक्त्यात मावत नाही.

आता मोजमापाकडे वळता येईल. सरकारी यंत्रणेच्या दृष्टीने सर्वांत जुना आणि सर्वांत प्रभावी आकडा पटाचा आहे, कारण ३० सप्टेंबरच्या पटावरून 'संचमान्यता' ठरते, म्हणजे कोणत्या शाळेला किती शिक्षकपदे मंजूर हे ठरते. जेथे पटावर पदे अवलंबून असतात, तेथे पट फुगवण्याचा मोहही असतो. ऑक्टोबर २०११ मध्ये शासनाने राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी केली, मुलांच्या बोटांना शाई लावून प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा कागदावरची कितीतरी मुले वर्गात सापडली नाहीत. या मोहिमेची चर्चा बोगस पटाच्या अंगाने झाली आणि ती होणे योग्यच होते. पण तिने एक व्यापक गोष्टही उघड केली. पटावरचे मूल आणि वर्गातले मूल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामधले अंतर दर वेळी लबाडीतूनच पडते असे नाही. मूल खरे असते, नाव खरे असते, पण ते मूल नोव्हेंबरनंतर गावातच नसते.

शिकण्याचे मोजमाप त्यामानाने अलीकडचे आहे. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत आलेले 'असर' सर्वेक्षण शाळेत न जाता ग्रामीण भागातल्या घरी जाऊन मुलांची चाचणी घेते, त्यामुळे त्या दिवशी शाळेत न आलेले मूलही तिच्यात सापडते. चाचणी अगदी साधी असते. एका कागदावर सुटी अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट असते. मूल यांपैकी जे सहज वाचू शकते तो त्याचा स्तर. कागद हातात घेऊन मूल वाचू लागले की ऐकणाऱ्याला फार वेळ लागत नाही. काही मुले एकेक अक्षर सुटे म्हणतात पण त्यांचा शब्द होत नाही. काही काना-मात्रेपर्यंत नीट येतात आणि जोडाक्षरापाशी थबकतात. काहींना पाठ झालेला धडा घडाघडा म्हणता येतो, पण अनोळखी परिच्छेदाची पहिली ओळही वाचता येत नाही. गणितात अंकओळख, दोन अंकी हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे एवढेच विचारले जाते. हातच्याच्या वजाबाकीत कित्येक मुले प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतात, म्हणजे ४२ मधून १७ वजा करताना एककात २ मधून ७ जात नाहीत म्हणून ७ मधून २ काढून ५ लिहितात आणि उत्तर ३५ देतात. हे उत्तर चुकीचे आहे, पण अंदाधुंद नाही. दशक फोडून एकक करता येतात, ही एक गोष्ट त्या मुलाला कोणी दाखवलेली नाही, एवढेच ते उत्तर सांगते, आणि ज्या शिक्षकाला हे दिसते त्याला पुढे काय शिकवायचे हेही कळते.

देशभरच्या ग्रामीण सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण 'असर'नुसार २०१८ मध्ये २०.९ टक्के होते; कोविडकाळात शाळा बंद राहिल्यानंतर २०२२ मध्ये ते १६.३ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये २३.४ टक्क्यांवर आले. पाचवीत हेच प्रमाण अनुक्रमे ४४.२, ३८.५ आणि ४४.८ टक्के होते. याचा अर्थ पाचवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचे वाचन साधलेले नाही, आणि ही गोष्ट कोणत्याही कारणमीमांसेने सौम्य होऊ नये. २०१७ व २०२१ चे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण आणि डिसेंबर २०२४ मधील 'परख' सर्वेक्षण ही शासकीय मोजमापे मात्र शाळेत बसलेल्या मुलांची आणि नमुन्याने निवडलेल्या शाळांची असतात. त्यांतून जिल्ह्याविषयी काही म्हणता येते. अंबरनाथ तालुक्यातल्या मांगरूळच्या किंवा कान्होरच्या शाळेविषयी काही म्हणता येत नाही. शिष्यवृत्ती परीक्षा तर ऐच्छिक आहे, तिला कोणती मुले बसवायची हे बहुधा शाळाच ठरवते, म्हणून तिच्या यशाचा फलक त्या मुलांचे आणि त्यांच्या शिक्षकांचे श्रम दाखवतो, संपूर्ण वर्गाची स्थिती दाखवत नाही.

या सर्व आकड्यांच्या मुळाशी एक अडचण आहे, जिला संशोधनाच्या भाषेत निवडीचा परिणाम म्हणतात. एक काल्पनिक उदाहरण घेतले तर ती स्पष्ट होते. समजा, एका गावात तिसरीच्या वयाची ६० मुले आहेत, त्यांपैकी २० मुलांना वाचन चांगले येते, आणि सर्व मुले गावातल्याच शाळेत आहेत. शाळेचा निकाल ३३ टक्के लागेल. पुढे शहरातल्या इंग्रजी शाळेची गाडी गावात येऊ लागली, आणि ज्या घरांना फी परवडते व घरी अभ्यास घेणारे कोणी आहे अशा घरांतली, वाचन येणारी १५ मुले तिकडे गेली. गावच्या शाळेत ४५ मुले उरली आणि त्यांत वाचू शकणारी ५. निकाल ११ टक्क्यांवर आला. एकाही मुलाचे शिकणे कमी झालेले नाही, शिक्षक तेच आहेत, फळा तोच आहे, तरी शाळेचा आकडा एक तृतीयांश झाला. बदलापूर-अंबरनाथच्या आसपास गेल्या काही दशकांत जे घडले त्याची मूळ घडण अशीच आहे. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला आणि अनेक जिल्हा परिषद शाळांनी सेमी-इंग्रजीचे वर्ग काढले, तरी पालकांचा ओढा थांबला नाही. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी राखल्या. शासकीय किंवा अनुदानित शाळा १ किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला यातून सूट देण्याची २०२४ मधील राज्य शासनाची दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केली. न्यायालयाने मुलांचा हक्क राखला हे उत्तम झाले. पण या वाटेनेही अर्ज भरण्याइतपत माहिती, कागदपत्रे आणि चिकाटी असलेली कुटुंबेच प्रथम बाहेर पडतात, आणि गावच्या शाळेत ज्यांना दुसरा पर्याय नाही अशांचे प्रमाण वाढत जाते.

घरच्या परिस्थितीचा निकालावर किती भार असतो, याची पहिली मोठी मोजणी अमेरिकेत झाली. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या १९६६ च्या अहवालात सुमारे ६ लाख विद्यार्थ्यांची माहिती तपासली गेली, आणि शाळेच्या इमारती व साधनांपेक्षा मुलाच्या कुटुंबाची आणि त्याच्या वर्गसोबत्यांची पार्श्वभूमी त्याच्या गुणांशी अधिक निगडित असल्याचे दिसले. यातून शाळा काहीच करू शकत नाही असा निष्कर्ष काढणाऱ्यांची कमतरता नव्हती. पण अधिक उपयुक्त विचार पुढे आला तो असा, की शाळेची तुलना दुसऱ्या शाळेशी न करता मुलाची तुलना त्याच्याच गेल्या वर्षीच्या स्थितीशी करावी. टेनेसी राज्यात विल्यम सँडर्स या संख्याशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात रूढ केलेली ही पद्धत मूल्यवर्धित मापन म्हणून ओळखली जाते. एखाद्या शाळेतली मुले जूनमध्ये अक्षराच्या पायरीवर होती आणि एप्रिलमध्ये परिच्छेदाच्या पायरीवर आली, दुसऱ्या शाळेतली परिच्छेदावरून गोष्टीवर गेली, तर निकालाच्या यादीत दुसरी शाळा वर दिसेल, पण मुलांना अधिक पुढे नेले ते पहिल्या शाळेने. या पद्धतीने शिक्षकांना गुण देऊन त्यांच्या नोकऱ्या ठरवण्याचे अमेरिकेतले प्रयोग वादग्रस्त ठरले, कारण लहान वर्गात दोन-चार मुले आली-गेली तरी आकडा उलटापालटा होतो, आणि वीस मुलांच्या वाडीशाळेला तर हा इशारा शब्दशः लागू आहे. वर्गाकडे पाहण्याची दृष्टी म्हणून ती पद्धत मोलाची आहे. शिक्षा करण्याचे हत्यार म्हणून ती वापरू नये.

अंबरनाथ तालुक्यात या तर्कालाही एका जागी खिंडार पडते, कारण जूनमधले मूल एप्रिलमध्ये तेथे असेलच असे नाही. डोंगरपायथ्याच्या वाड्यांमध्ये कातकरी व ठाकर समाजाची वस्ती आहे. भातकापणी झाली आणि दिवाळी उलटली की यांतली पुष्कळ कुटुंबे वीटभट्टीवर जातात. पावसाळ्याच्या अडचणीच्या दिवसांत भट्टीमालकाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडायची असते, आणि विटा थापण्याचे काम सारे कुटुंब मिळून करते, म्हणून मुलांना मागे ठेवता येत नाही. थोरले मूल धाकट्याला सांभाळते, विटा उलटून वाळवते, पाणी आणते. कुटुंब परतते ते पाऊस तोंडावर आल्यावर. म्हणजे अशा मुलाला शाळेच्या वर्षातले जेमतेम निम्मे दिवस मिळतात, तेही पावसाचे. उल्हास नदीच्या काठी पावसाचा अर्थ काय होतो, हे २६-२७ जुलै २०१९ ला साऱ्या देशाने पाहिले, जेव्हा बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमाने मूल पाचवीपर्यंत दर वर्षी वरच्या इयत्तेत जाते, त्यामुळे पहिलीचे पहिले सत्र, दुसरीचे पहिले सत्र, तिसरीचे पहिले सत्र असे शिकत ते चौथीत पोहोचते, आणि दुसऱ्या सत्रात शिकवली जाणारी जोडाक्षरे, हातचा, गुणाकार या गोष्टी त्याच्या वाट्याला एकाही वर्षी आलेल्या नसतात. सरासरी हजेरीचा आकडा हे दाखवत नाही. आठवड्यातून तीन दिवस चुकवणारे मूल आणि सलग सहा महिने नसलेले मूल यांची सरासरी जवळपास येऊ शकते, पण त्यांची गरज सर्वस्वी वेगळी असते.

उलट दिशेची हालचालही तितकीच खरी आहे. कल्याण-अंबरनाथ पट्ट्यातल्या भट्ट्यांवर जव्हार-मोखाड्याकडची कुटुंबे येतात, औद्योगिक वसाहतींच्या कडेच्या चाळींत उत्तर भारतातून आलेल्या कामगारांची मुले राहतात, आणि वांगणीसारख्या ठिकाणी मुंबईत घर न परवडणारी कुटुंबे स्थिरावतात, ज्यांत लोकलमध्ये वस्तू विकून पोट भरणाऱ्या दृष्टिहीन दांपत्यांची वस्ती सर्वज्ञात आहे. 'घरी मुलाचा अभ्यास घ्यावा, वही तपासावी' ही पालकांना केलेली सूचना अशा घरांत पोहोचते तेव्हा तिचा अर्थ काय उरतो, याचा विचार सूचना देणाऱ्यांनी करायला हवा. मराठी माध्यमाच्या पहिलीत एकीकडे कातकरी बोली बोलणारे आणि दुसरीकडे भोजपुरी बोलणारे मूल शेजारी बसते. दोघांनाही पुस्तकातली मराठी नवी असते, पण पहिले मूल मराठीच समजले गेल्याने त्याची अडचण कोणाच्या ध्यानीही येत नाही.

मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा विचार याच जिल्ह्यात पूर्वी प्रत्यक्षात आला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तो भाग त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होता. वारली मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहून त्यांनी कुरणातच शाळा भरवली, तीच कुरणशाळा. १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. 'भोंगा' म्हणजे भट्टीवरची तात्पुरती झोपडी. पुढे शासनाने स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आणले, ज्याच्या आधारे मुलाला नव्या ठिकाणच्या शाळेत लगेच बसता यावे आणि परतल्यावर आपल्या वर्गात जागा मिळावी. व्यवस्था चांगली आहे, परंतु पत्रक देणारी शाळा आणि घेणारी शाळा यांच्यात बोलणे झाले तरच ती चालते, आणि भट्टी गावाबाहेर, शाळेपासून दूर असते. कागद मुलासोबत गेला तरी मूल वर्गापर्यंत पोहोचेलच असे नाही.

वर्गात आलेल्या मुलाचे काय करावे, याबाबत मात्र बरीच खात्रीची माहिती उपलब्ध आहे, आणि तिचा एक भाग मुंबईतूनच आलेला आहे. 'प्रथम'ने मुंबई व वडोदरा येथे २००० नंतरच्या पहिल्या वर्षांत 'बालसखी' उपक्रम चालवला. त्यात वस्तीतली एक तरुणी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे घेऊन वाचन व गणिताचा पाया पक्का करून घेत असे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी याची शास्त्रशुद्ध तपासणी केली, तिचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि सर्वाधिक लाभ सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाल्याचे आढळले. इयत्तेनुसार न बसवता स्तरानुसार गट करून शिकवणे, हे त्याचे सार आहे. द्विशिक्षकी शाळेला हे करणे मोठ्या शाळेपेक्षा सोपे जावे, कारण तेथे एकाहून अधिक इयत्तांची मुले एकाच खोलीत असतातच. दिवसातला एक तास इयत्ता बाजूला ठेवून अक्षरगट, शब्दगट आणि परिच्छेदगट केले की चौथीतले भट्टीवरून परतलेले मूल आणि दुसरीतले नियमित मूल यांना एकत्र शिकवता येते. अडचण असते ती अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या दडपणाची, आणि चौथीच्या मुलाला दुसरीच्या मुलाशेजारी बसताना वाटणाऱ्या संकोचाची. दुसरी अडचण शिक्षकाच्या मायेनेच दूर होते, तिच्यासाठी शासन निर्णय काढता येत नाही. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन व अंकज्ञान यावे असे उद्दिष्ट २०२६-२७ साठी ठेवले. त्याने वाचनाच्या पायऱ्या शासकीय कागदावर आणल्या, हा मोठा लाभ आहे.

पोषण आहाराचा उल्लेखही येथे हवा. महाराष्ट्रात ही योजना १९९५ मध्ये महिन्याला ३ किलो तांदूळ घरी देण्यापासून सुरू झाली आणि पुढे शिजवलेल्या अन्नावर आली. आज पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम तांदळाचे, ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने देणारे जेवण ठरलेले आहे. रोजगाराला पहाटे बाहेर पडणाऱ्या घरातल्या मुलासाठी दुपारची ती खिचडी दिवसातले पहिले पोटभर खाणे असू शकते, आणि उपाशी मुलाकडून हातच्याची वजाबाकी करून घेणे कोणत्याही अध्यापनपद्धतीला साधणारे नाही.

हे सारे ज्यांत घडायचे, त्या लहान शाळांच्या भवितव्याचाच प्रश्न उभा राहिला आहे. २०२३ मध्ये शिक्षण विभागाने राज्यातील २० पेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली, तेव्हा अशा १४,७८३ शाळा, त्यांत १ लाख ८५ हजारांवर मुले आणि २९,७०७ शिक्षक असल्याचे सांगण्यात आले, आणि त्यांच्या जागी वाहनाची सोय असलेल्या समूह शाळा उभारण्याचा विचार पुढे आला. मोठ्या शाळेत विषयवार शिक्षक, ग्रंथालय, खेळाचे मैदान आणि समवयस्क मुलांची सोबत मिळते, हे खरे आहे. पण वाहन येण्यासाठी रस्ता लागतो, ओढ्यावर पूल लागतो, आणि सहा वर्षांच्या मुलीला दूरच्या शाळेत धाडायला आईचा जीव धजावला पाहिजे. शिवाय पट वीसच्या खाली का गेला, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. बदलापूरला लागून असलेल्या गावात मुले खासगी शाळेत गेली म्हणून पट घटला असेल, तर तेथे एकत्रीकरणाने फारसे कोणाचे बिघडणार नाही. चंदेरीच्या पायथ्याच्या वाडीत मात्र वस्तीच वीस घरांची असल्यामुळे पट कायमच लहान राहणार, आणि तेथली शाळा गेली की पहिलीतच गळती सुरू होईल. एकाच आकड्याखाली या दोन शाळा एका यादीत येतात, ही त्या यादीची उणीव आहे.

ही उणीव भरून काढणारी माहिती गोळा करायला नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर आहे, ज्यात मुलाच्या प्रवेशाची व शाळा सोडल्याची तारीख असते. रोजचे हजेरीपत्रक आहे, ज्यावरून मूल कोणत्या महिन्यात सलग गैरहजर होते हे कळते. आणि आता वाचनस्तराच्या चाचण्यांच्या नोंदीही आहेत. हे तीन कागद आज वेगवेगळ्या कपाटांत आणि वेगवेगळ्या पोर्टलवर असतात. केंद्रप्रमुखाने आपल्या केंद्रातील शाळांच्या मासिक शिक्षण परिषदेत ते एकत्र ठेवले, तर जून ते एप्रिल सलग बसलेल्या मुलांची प्रगती एका रकान्यात, दिवाळीनंतर गेलेल्यांची दुसऱ्यात आणि वर्षाच्या मध्ये दाखल झालेल्यांची तिसऱ्यात अशी मांडता येईल. पहिला रकाना शिक्षकाच्या अध्यापनाविषयी बोलेल आणि त्याचा जाब शिक्षकाला विचारता येईल. दुसऱ्या व तिसऱ्या रकान्याचा जाब मात्र पंचायत समितीला, आदिवासी विकास आणि कामगार विभागांना, आणि ज्यांच्या भट्ट्यांवर ही मुले नोव्हेंबर ते मे असतात त्या मालकांना विचारावा लागेल; आणि हंगामी वसतिगृह वाडीत उघडावे की भट्टीजवळ वर्ग भरवावा, हे त्या वाडीपुरते ऑक्टोबरमध्येच, कुटुंबे निघण्याआधी, ठरवावे लागेल.